पाहुण्यांचे हात

तिसऱ्यांदा ग्रामसभा तहकूब झाली तेव्हा इंदुताई ग्रामपंचायतीच्या ओट्यावरच बसली. सरपंच बाईनं असं ओट्यावर बसू नये, खुर्ची असते, असं ग्रामसेवक कुलदीप नेहमी म्हणायचा. आज त्यानंही म्हटलं नाही. तोही दमला होता.

समोर कडुनिंब आणि विजेचा खांब यांच्यामध्ये बॅनर टांगलेलं होतं. त्यावर अर्धा सूर्य, एक हिरवं पान, आणि हसणारी एक बाई, जी या भागातली नव्हती. हे तिच्या चेहऱ्यावरून नाही, धुतलेल्या पायांवरून कळत होतं. खाली लिहिलं होतं, 'कोळशाकडून सूर्याकडे: लोकांचा हरित आराखडा.' लोक मात्र धानाच्या बांध्यांत, खाचरांत, वाकलेले होते. कापणीच्या दिवसांत सभा ठेवणारं सरकार कोणत्या देशातला भात खातं, हे एकदा विचारायला पाहिजे.

आराखडा काय होता हे इंदुताईला नीट समजलं होतं. तिला न समजणारं काही त्यात नव्हतं. माजरीकडच्या, राजुऱ्याकडच्या काही खाणी येत्या वर्षांत बंद व्हायच्या होत्या. कोळशावर जगणाऱ्या माणसांना दुसरं काम द्यायचं, जिल्ह्याला दुसरा धंदा द्यायचा, म्हणून सगळ्या भागाचा एक मोठा नकाशा केला होता. त्या नकाशात कवडबोडीच्या गुरचरणावर निळा चौकोन होता. निळा म्हणजे सोलर पार्क. जमीन पडीक, असं शेजारी लिहिलेलं.

ती जमीन पडीक नव्हती. तिच्यावर गावाची गुरं चरायची, हे एक. दुसरं म्हणजे त्या चढावरून पावसाचं पाणी उतरायचं ते खालच्या बोडीत जमायचं, आणि त्या बोडीच्या पाण्यावर खालच्या सगळ्या बांध्या पिकायच्या. गावाचं नावच त्या तळ्यावरून पडलेलं. चढ सपाट केला, कुंपण घातलं, तर बोडी भरणार नाही. बोडी भरली नाही तर रोवणा, धानाची लावणी, होणार नाही. यात अवघड काय आहे.

तिनं रंजीता मॅडमला विचारलं होतं. मॅडम नागपूरच्या, आराखडा करणाऱ्या संस्थेच्या. वय तिशीचं, डोळ्यांखाली काळं. वाईट बाई नव्हती.

"बोडीत पाणी कुठून येईन मंग?"

"त्याचा स्वतंत्र अभ्यास होणार आहे, ताई."

"कधी?"

मॅडमनं खोटं सांगितलं नाही. "मंजुरी झाल्यावर."

आणि या मंजुरीला नेहमीचा कोरम चालत नव्हता. गावातले निम्मे मतदार समोर बसलेले पाहिजेत, असं वरून आलं होतं. म्हणून तीनदा गाडी आली, तीनदा बॅनर चढलं, तीनदा उतरलं. प्रत्येक वेळी अंजनाबाई, बौद्धवाड्यातली सदस्य, आणि चारदोन म्हातारे तेवढे यायचे. अंजनाबाई घरून येताना स्वतःचं बसायचं पोतं आणायची, आणि सभा तहकूब झाली की झटकून परत न्यायची.

"ताई," मॅडम त्या दिवशी गाडीत बसण्याआधी म्हणाली, "मला मार्चच्या आत सगळी गावं उरकायची आहेत. हो म्हणा, नाही म्हणा, पण काहीतरी म्हणा. कोणत्या दिवशी माणसं मिळतील ते तरी सांगा."

इंदुताईच्या मनात आलं, एकदाचं होऊन जाऊ दे. गावात कोणालाच जमीन द्यायची नव्हती. वाडीवाडीत तिनं ऐकलं होतं. भरल्या सभेत सगळ्यांनी मिळून एकदा नाही म्हटलं की विषय संपला, बॅनर गुंडाळून गाडी दुसऱ्या गावाला जाईल. आणि गाव भरलेलं असण्याचा एकच दिवस तिला आठवला.

"मंडईले या," ती म्हणाली. "त्या दिवशी गावात पाय ठेवाले जागा नसते."

अंजनाबाई पोतं झटकत होती. तिनं वर पाहिलं, आणि पुन्हा झटकायला लागली. तिच्याही ते डोक्यात आलं नाही. कोणाच्याच आलं नाही. झाडीपट्टीतल्या माणसाला मंडई म्हटलं की गर्दी एवढंच दिसतं. ती गर्दी कोणाची, हे तो मोजत नाही, कारण त्या दिवशी मोजायचं नसतं, वाढायचं असतं.

*

दिवाळी सरली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडारीची नाचगाणी, दुकानं, पाळणे. रात्री नाटक. पण मंडई म्हणजे नाटक नाही. मंडई म्हणजे पाहुणे. लेकी येतात, जावई येतात, मामे येतात, त्यांच्या शेजारचेही येतात. पोरीपोरांच्या सोयरिकी याच दिवसांत बघतात. आणि मांडवात पुढची सतरंजी पाहुण्यांची असते. गावचा माणूस मागे उभा राहतो, नाहीतर घरी पंगत सांभाळतो. आपल्या गावच्या मंडईत पुढे जाऊन बसणारा माणूस अजून जन्मला नाही.

इंदुताईच्या घरी आदल्या दिवशीच तिचा भाऊ रोशन आला होता. राजुऱ्याजवळच्या खाणीत ठेकेदाराकडे डंपर चालवायचा. हाताच्या रेषांत कोळसा बसलेला, तो दिवाळीच्या उटण्यानंही निघत नाही. सकाळी तो चुलीजवळ पाटावर बसून चहा पीत होता. इंदुताई लाखोळीच्या डाळीचे वडे थापत होती.

"ताई, तुह्या गावात सूर्य येऊन राह्यला म्हणे."

"पहिलेपासून येतेच आहे तो. आता सरकारले दिसला."

"हास नको. आमच्याकडे मीटिंग झाली. उन्हाळ्यापर्यंत खाणीतला आमचा पॅच बंद. ठेकेदार म्हणते, पर्मनंटवाल्यांचं पाहू, तुमचं नाई. तुम्ही आमच्या कागदावर नाई." त्यानं बशीतला चहा फुंकला. "पण ते साहेब म्हणत होते, नागभीड साइडले सोलर निघून राह्यलं, कोळशावाल्याले तिथं पहिला नंबर."

"असं म्हणत होते?"

"म्हणत होते. बावा, डंपर चालवणारा माणूस काचा पुसू शकत नाई काय?"

इंदुताईनं वडा तेलात सोडला. नागभीड साइड म्हणजे आपलंच गुरचरण, हे तिनं त्याला सांगितलं नाही. सणाचा दिवस. भाऊ चहा पीत होता. काय सांगायचं त्याला? तुझी खाण जाते तिथं तुला कोणी विचारत नाही, आणि माझी बोडी जाते ती तुझ्या नावानं मागतात, हे? दोघांच्याही ताटातलं उचलायचं आणि एकमेकांकडे बोट दाखवायचं, हा असा आराखडा. तो बनवायला नागपूरहून माणसं येतात.

"वडा खा," ती म्हणाली. "गरम आहे."

"मीठ कमी आहे."

"तुह्या बायकोच्या हातचं खाऊन तुही जीभ खारट झाली."

तो हसला. खूप दिवसांनी हसल्यासारखा, घाईघाईत.

दुपारी दौलतराव आले. ब्रह्मपुरीकडचे, इंदुताईच्या लेकीला, उर्वशीला पाहायला. बरोबर त्यांचा मुलगा अजय, एक काका, दोन बाया. पोरगा सावळा, शांत. आयटीआय केलेला, वर सोलरचा कोर्स केलेला. काम नव्हतं, पण कोर्स होता. उर्वशी नागभीडला एका दवाखान्यात नर्स म्हणून जायची. चहाचा ट्रे घेऊन ती बाहेर आली, तेव्हा अजयनं तिला "तुमची ड्यूटी रात्रीची असते काय?" एवढंच विचारलं, आणि उर्वशी "कधीकधी" म्हणाली. पण आत आल्यावर तिनं ट्रे ठेवायच्या आधी केस सारखे केले. आईनं ते पाहिलं.

"जेवण सभेनंतरच करू जी," दौलतराव म्हणाले. "तुमची सभा आहे म्हणे सोलरची. आमच्या पोराचा तोच विषय आहे. ऐकून येतो."

इंदुताईचा नवरा वारलू त्यांना घेऊन मांडवाकडे गेला. रोशनही गेला. वारलूनं पाहुण्यांना पुढच्या रांगेत बसवलं, मंडई समितीच्या पोरांकडून पंखा त्यांच्याकडे वळवून घेतला, आणि कोंबड्यांचं पाहायला घरी परत आला. त्यानं जे करायला पाहिजे ते केलं. गावातल्या प्रत्येक घरातल्या माणसानं त्या वेळी तेच केलं.

इंदुताई मांडवात जाऊन आली. दोन शब्द बोलली, सगळ्यांचं स्वागत केलं. मांडव फुटत होता. तिला बरं वाटलं. उतरताना कुलदीपला म्हणाली, "मी घरी पंगतीचं पाहून येतो. मी आल्याबिगर मत घेऊ नका."

"नाई घेत, ताई."

*

वडे होत आले होते. कोचईच्या पानांची भाजी उतरवायची होती. बाहेर लाऊडस्पीकरवर मॅडमचा आवाज येत होता, अधूनमधून पाळण्याच्या भोंग्यात बुडत होता. इंदुताईचं अर्धं लक्ष कढईत होतं.

अंजनाबाई मागच्या दारानं आली. पदर खोचलेला, धाप लागलेली.

"सरपंच बाई, हात वर झाले."

"कशाचे?"

"कशाचे म्हणजे? मताचे. मंजूर झालं म्हणून राह्यला तो कुलदीप."

"अन् आपले लोक?"

"आपले लोक चुलीपाशी आहेत. तुह्यासारखे." अंजनाबाई उंबऱ्यावर टेकली. "मी मागून वरडलो. तिथं दंडारीच्या ढोलकीत कोणाले ऐकू येते. पुढं सारे पाहुणे. माह्या घरचा जावई पण हात वर करून बसला आहे, गडचिरोलीचा."

इंदुताईच्या हातातला झारा तसाच राहिला. मग ती उठली. पीठ लागलेले हात पदराला पुसत मांडवाकडे चालली, आणि चालता चालता तिला आपलं बोलणं ऐकू आलं, 'मंडईले या.' कोणी दुसऱ्यानं सांगितलं असतं तर त्याचा गळा धरता आला असता.

मांडवात अजून काही हात वर होते. फोटो काढणारा पोरगा खुर्चीवर चढून सांगत होता, "थोडं वर, काका, चेहरा झाकला जाते." मॅडमनं विचारलं होतं, कोळसा गेल्यावर आपल्या मुलांना इथंच काम मिळावं असं कोणाकोणाला वाटतं? आता याला कोण नाही म्हणेल. मूलबाळ सगळ्यांनाच असतं. सिंदेवाहीच्या माणसांनी हात वर केला, मूल तालुक्याच्या माणसांनी केला, देसाईगंजहून आलेल्या मामानं दोन्ही केले. जी जमीन जायची होती ती दुसऱ्याची होती, आणि जेवण झकास मिळणार होतं. पहिल्या रांगेत दौलतराव, त्यांच्या शेजारी अजय. दुसऱ्या रांगेत रोशन. त्यानं हात सगळ्यांत वर धरला होता, शाळेत उत्तर येणाऱ्या पोरासारखा. बहिणीला पाहून तो हसला. त्याला वाटलं, तिला आनंद होईल.

ती कुलदीपजवळ गेली. "मत काऊन घेतलं?"

"मॅडमला पुढच्या गावाले जायाचं होतं. ताई, डोकी भरली ना एकदाची."

"ही डोकी गावची नाईत."

कुलदीपनं मान खाली घातली. त्याला माहीत होतं. तो इथं चार वर्षं होता. "सह्या मंग गावातल्याच घेऊ," तो हळू म्हणाला. "एकेकाच्या घरी जाऊन. कोण वाचते?"

इंदुताई टेबलाच्या पलीकडे रंजीता मॅडमपाशी गेली, वाकली. "मॅडम, हे पाहुणे आहेत. मंडईचे. आमचं गाव घरी सैपाक करून राह्यलं."

मॅडमनं लिहिणं थांबवलं. मांडवावर नजर फिरवली, सगळ्या नव्या कपड्यांवर, बायांच्या पिशव्यांवर. 

"हा दिवस तुम्हीच दिला होता ताई मला."

"हो. माहीच चूक आहे."

"तुम्ही हे माझ्या कानात सांगितलंत, तर मी ऐकलं नाही असं होईल. माझ्यावरची माणसं मला तेच सांगतील." तिनं माईक इंदुताईकडे सरकवला. "यावर सांगितलंत तर मला लिहावं लागेल. मी लिहीन. पण मग तुम्हाला सगळ्यांसमोर सांगावं लागेल."

म्हणजे पाहुण्यांना उठवावं लागेल. मंडईच्या दिवशी. पुढच्या सतरंजीवरून. असं कोणी केलेलं तिनं पाहिलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं. भांडण झालं, डोकी फुटली, तरी मंडईचा पाहुणा उठवत नाहीत. पहिल्या रांगेत तिच्या पोरीचं सासर बसलं होतं, अजून न झालेलं. दुसऱ्या रांगेत तिचा बापाच्या जागचा एकच भाऊ.

आणि मागे, मांडवाच्या बाहेर, चढ होता. त्यावर कोणाच्या तरी म्हशी चरत होत्या. त्याखाली बोडी. यंदा भरलेली. तिच्या काठावर कोणी पाहुणा बसला नव्हता.

तिनं माईक हातात घेतला. वड्याचं पीठ माईकला लागलं.

"पाहुणे मंडळी," ती म्हणाली, आणि आवाज नीट निघाला म्हणून तिलाच वाईट वाटलं. "तुम्ही आले, आमचा मान वाढला. तुमचं जेवण आमच्या घरी आहे, ते तुमचंच आहे. पण ही जमीन आमची आहे. तिचं आम्हालेच ठरवावं लागते. जे कवडबोडीचे नाईत, त्यांनी आता सतरंजीवरून उठावं. हात जोडून सांगतो."

ढोलकी थांबली होती की तिला ऐकू येत नव्हती, कळेना.

कोणी हललं नाही. मग मंडई समितीतला कोणीतरी मागून ओरडला, "बाई, काय बोलून राह्यली तू? सोयरे आहेत ते."

"माहीत आहे."

दौलतराव उठले. पँट झटकली, जशी काही धूळ फक्त याच गावची असते. चपला शोधू लागले. अजय त्यांच्या मागे उठला, त्यानं इंदुताईकडे एकदा पाहिलं, राग नव्हता त्यात, नुसतं कळेनासं झालेलं. मग एकेक रांग उठली. बाया पिशव्या उचलून, पोरांना दंडाला धरून. अंजनाबाईचा जावई उठला, अंजनाबाईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. सतरंजी दिसायला लागली. तिच्यावर चुरमुरे सांडलेले होते.

रोशन बसून होता. एकटा, दुसऱ्या रांगेत. त्याला वाटत असावं की तो पाहुणा नाही, भाऊ आहे.

इंदुताईनं माईक खाली ठेवला नव्हता. ठेवायला पाहिजे होता, ते नंतर कळलं.

"रोशन, तू बी."

ते सगळ्या गावानं ऐकलं. दुकानांनी, पाळण्यांनी, घरांतल्या चुलींनी.

रोशन उठला. सतरंजीच्या बाहेर गेला, आणि मांडवाच्या कनातीजवळ, जिथं गावचे उभे राहतात, तिथं जाऊन उभा राहिला. मग ती जागाही आपली नाही हे लक्षात येऊन तिथूनही गेला.

उरली ती अंजनाबाई, तिच्यासोबतची चारदोन म्हातारी माणसं, आणि धावत आलेले पाचदहा जण, ओल्या हातांनी. निम्मे मतदार कुठे होते. मॅडमनं लिहिलं, 'गणपूर्तीअभावी तहकूब.' कुलदीपनं बॅनर उतरवलं. ती हसणारी बाई गुंडाळली गेली, पाय आधी.

*

दौलतराव जेवले नाहीत. गाडी सुरू करताना त्यांच्या घरची मोठी बाई उर्वशीला ऐकू जाईल अशा बेतानं बोलली, "पाहुण्याले उठवणारं घर. पोरगी पण तशीच उठवन." वारलू गाडीच्या खिडकीशी हात जोडून उभा होता. काच वर गेली तरी तो तसाच होता.

संध्याकाळी मंडई समितीची माणसं ओसरीवर येऊन बोलून गेली. त्यांच्याच बांध्या बोडीखाली होत्या. जे वाचलं ते त्यांचंच होतं. पण त्यांच्या घरचे जावई न जेवता गेले होते, आणि ते दुःख ताजं होतं, बोडीचं पुढच्या पावसाळ्यात झालं असतं. "जमीन गेली असती तं मंग भांडलो असतो," त्यातला एक म्हणाला. "कोर्टात गेलो असतो. मंडई काऊन नासवली?"  आपलं चुकलं हे इंदुताईला मान्य होतं. कुठलं, एवढाच प्रश्न होता.

टोपलंभर वडे पडून होते. उर्वशी आली, एक उचलला, उभ्यानं खाल्ला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

"हो. मामा पण म्हणत होता."

उर्वशीनं दुसरा घेतला. अर्धा खाल्ला, अर्धा परत ठेवला, जे ती लहानपणीही करायची नाही. "पोरगा बरा होता, आई," ती म्हणाली, आणि ड्यूटीचे कपडे वाळत होते ते काढायला मागे गेली.

एवढंच. तिनं रडून घेतलं असतं तर इंदुताईला काहीतरी करता आलं असतं.

*

रोशन थांबला होता. रात्री नाटकालाही गेला नाही, गोठ्याजवळच्या खाटेवर तोंड फिरवून पडून राहिला. सकाळी पिशवी भरून निघाला तेव्हा इंदुताई त्याच्यासोबत फाट्यापर्यंत चालली. वाट बोडीच्या पाळीवरून, बांधावरून जाते. पाण्यावर पाणकोंबड्या होत्या. दोघंही पाण्याकडे पाहत चालले, कारण एकमेकांकडे पाहायचं नव्हतं.

"हीच काय ती?" त्यानं विचारलं.

"हीच."

"मले काल सकाळीच सांगतलं असतं तं."

"तं काय केलं असतं?"

त्यानं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "हातच वर केला असता," तो म्हणाला. "खोटं कशाले बोलू. घरी तीन पोरी आहेत. मले वाटलं तूही हो म्हणशील. तू सरपंच आहे. मले कुठंतरी चिकटवशील."

"तिथं काचा पुसाले कंपनी बाहेरून माणसं आणते, रोशन. काल जाताना मॅडमनं सांगतलं मले. पहिला नंबर वगैरे काही लिहिलं नाई त्यांच्या त्या नकाशात."

"लिहिलं नाई?"

"नाई."

रोशन थांबला. पाळीवर बसला, मग उठला. एक ढेकूळ पाण्यात मारलं. पाणकोंबड्या थोड्या सरकल्या. "मंग माणूस हात कशासाठी वर करते," तो म्हणाला. पण बहिणीला विचारत नव्हता.

फाट्यावर तिनं त्याला पिशवी दिली. नवीन धानाचे तांदूळ, वर वडे बांधलेले. पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. त्यानं तांदूळ घेतले. वडे काढून तिच्या हातात परत दिले.

"ते राहू दे. तुही पोरगी खाईन."

बस येत होती. धूळ आधी आली.

"पुढल्या मंडईले येशीन ना?" तिनं विचारलं.

"बोलव. पण कुठं बसू ते आधी सांगजो." ते तो हसत म्हणाला, पण चेहरा हसत नव्हता. बसमध्ये चढला. खिडकीशी जागा होती तरी पलीकडे जाऊन बसला.

बस गेल्यावर मोबाईल वाजला. कुलदीप.

"ताई, मॅडम विचारून राह्यल्या, कालचा फोटो वापरला तं चालेल काय? मोठ्या पुस्तकात टाकायचा आहे, लोकसहभाग म्हणून. गर्दी चांगली आली त्यात."

फोटोत तिचा भाऊ होता. सगळ्यांत वर हात केलेला. आणि तो पोरगा, अजय.

"तहकूब लिहिलं ना त्याच्याखाली?"

"ते ठरावात लिहिलं, ताई. फोटोखाली कोण लिहिते."

 इंदुताईनं वड्यांची पुरचुंडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. चढावर कालच्याच म्हशी होत्या.

"अन् पुढची तारीख?" कुलदीप म्हणाला. "पाचवी आता. यावेळी कोणती घ्यायची? माणसं भेटली पाहिजेत बरं का, नाईतर मॅडमवर येते."

"उशिराचं जड धान निघालं की घे. पौषातला कोणताही सोमवार."

"त्या दिवशी लोक येतील काय?"

"ते मले माहीत नाई," इंदुताई म्हणाली. "पाहुणे नाई येनार."

तिनं फोन बंद केला आणि पाळीवरून घराकडे चालू लागली. घरी कालची भांडी पडली होती, अख्ख्या पंगतीची.